फिशिंग कयाकवरचा नांगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कयाकवरून गळ टाकणाऱ्यांचे नांगराबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना विचारायचं असतं, ‘नांगर घट्ट कसा धरेल?’ ‘चटकन कसा सोडू?’ असं विचारणारे फार थोडे. आमच्या मते महत्त्वाचा प्रश्न हा दुसरा, आणि खालची बरीच उत्तरं त्याच्याकडेच वळतात. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कयाकला नांगर लागतोच का?

नाही. वारा पडलेला असेल किंवा मासा शोधत फिरायचं असेल तर नांगर म्हणजे नुसतं ओझं. तो कामाला येतो एकाच जागी टिकून राहायचं असतं तेव्हा: बुडालेलं झाड, खडकाची कड, एकाएकी खोल होणारा तळ. हातात गळ असताना वल्हं मारता येत नाही आणि हलका वाराही कयाकला बघता बघता लांब नेतो. पण एक अट आहे. पाण्यात पडल्यावर कयाकवर परत चढायचं तुम्हाला जमत नसेल, तर नांगर विकत घेण्याआधी ते शिका.

२. कोणता नांगर घेऊ? किती वजनाचा?

बहुतेकांसाठी चार पात्यांचा, मिटवता येणारा ग्रॅपनेल. तो साधारण ०.७ आणि १.५ किलोचा मिळतो. तळ्यात, हलक्या वाऱ्यात ०.७ किलोचा पुरतो. समुद्रात किंवा वारा असेल तिथे १.५ किलोचा घ्या. खडकाळ तळावर तो पटकन पकडतो, आणि तितकाच पटकन अडकतोही (प्रश्न १२). रेताड तळ असेल तर पंजाच्या आकाराचा नांगर जास्त चांगला रुततो. अळिंबीच्या आकाराचा गोल नांगर फक्त स्थिर पाणी आणि मऊ चिखल यांसाठी. प्रवाहात तो तळावरून घसरत जातो.

१.५ किलोहून जड नांगराचा हट्ट नको. बसून, एका हाताने, कयाकच्या टोकाकडून तो वर घ्यायचा आहे हे विसरू नका. नांगराची पकड वजनापेक्षा दोराच्या कोनावर जास्त अवलंबून असते. ते प्रश्न ४ आणि ६ मध्ये आहे.

३. वीट, काँक्रीटचा ठोकळा किंवा डंबेल बांधलं तर चालेल ना?

वारा नसलेल्या तळ्यात चालून जाईल, पण हिशोब ऐका. पाण्यात प्रत्येक वस्तू आपण सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते. काँक्रीट पाण्याच्या सुमारे २.४ पट घन, म्हणून ५ किलोचा ठोकळा पाण्याखाली जेमतेम ३ किलोचा उरतो. ५ किलो लोखंड सव्वाचार किलोच्या वर राहतं. आणि डंबेल असो की ठोकळा, त्याला रुतायला पाती नाहीत. जोर आला की तो नुसता सरकतो. म्हणजे वाहायचं ओझं ५ किलोचं आणि पकड दीड किलोच्या ग्रॅपनेलपेक्षा कमी.

४. साखळी खरंच हवी का? कयाक तर एवढीशी असते.

हवी. १ ते २ मीटर, ६ मिमी जाडीची साखळी पुरे. तिची कामं दोन. ती नांगराचा दांडा तळाशी झोपवून ठेवते, त्यामुळे ओढ आडवी लागते आणि पाती रुततात. दांडा उभा झाला की पाती निघालीच म्हणून समजा. शिवाय तळातल्या खडकांवर दोर घासत नाही, साखळी घासते. साखळी जोडायला शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) वापरत असाल तर त्याच्या पिनेला झिप टाय मारा. थरथरीने पीन हळूहळू फिरते आणि एक दिवस नांगर तळाशी राहून दोर एकटाच वर येतो.

५. दोर कोणता घ्यायचा?

५ ते ६ मिमी जाडीचा, विणलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टर. ताकद ३-४ मिमीच्या दोरातही भरपूर असते, पण बारीक दोर ओल्या हातात कापतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा झटका मऊ होतो. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असला तरी टाळा. तो पाण्यावर पसरतो आणि जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात, नाहीतर तुमच्याच गळाच्या तंगूसमध्ये गुंततो.

६. ५ मीटर खोल पाण्यात ५ मीटर दोर सोडला तर नांगर धरत का नाही?

कारण तेव्हा तुम्ही नांगर सरळ वर ओढत असता. दोर खोलीच्या किती पट सोडला यावर पकड ठरते. शांत पाण्यात किमान ३ पट, थोडा वारा-लाटा असतील तर ५ पट, आणि त्याहून वाईट हवेत ७ पट. म्हणजे ५ मीटर पाण्यात १५, २५ आणि ३५ मीटर. पण कयाकवर ७ पट दोर सोडायची वेळ आली असेल, तर माझ्या मते ती किनाऱ्याकडे वळायची वेळ असते.

घेताना ३० मीटर दोर घ्या. तो ३ पटीच्या हिशोबाने १० मीटर खोलीपर्यंत आणि ५ पटीने ६ मीटरपर्यंत पुरतो. दर ५ मीटरवर रंगीत धागा गुंडाळून ठेवला की किती सोडला ते मोजत बसावं लागत नाही.

७. आसनाशेजारी बाजूला क्लीट (दोर अडकवायची खुंटी) आहे. दोर तिथेच बांधू का?

नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

दोर मधल्या बाजूला बांधला की कयाक प्रवाहाला आडवी होते आणि तिची सगळी लांबी पाणी अडवते. दोर खालून ओढत असतो, त्यामुळे प्रवाहाकडची कड खाली दबते. त्या कडेवरून पाण्याची पातळ चादर आत येते. तेवढ्याने दाब आणखी वाढतो, कड आणखी दबते. बसलेला माणूस दचकून येणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे नेमका चुकीच्या बाजूला झुकतो. पहिलं पाणी आत आल्यापासून कयाक उलटेपर्यंत काही सेकंदच मिळतात.

दोराची ओढ नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकावर आली पाहिजे. मग कयाक वाऱ्याला किंवा प्रवाहाला निमुळतं टोक दाखवून उभी राहते. अडचण अशी की आसनावरून तुमचा हात टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठीच ट्रॉली असते.

८. ही अँकर ट्रॉली म्हणजे नेमकं काय? घरी बसवता येते का?

कयाकच्या एका बाजूने, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फिरणारा दोराचा बंद वेढा. दोन्ही टोकांना एकेक पुली आणि वेढ्यात एक कडी. नांगराचा दोर त्या कडीतून जातो. वेढा ओढला की कडी टोकाकडे सरकते, उलट ओढला की तुमच्याजवळ येते. आसनावरून न हलता दोर कुठल्याही टोकाला नेता येतो.

घरी सहज बसते. वेढ्याला कयाकच्या लांबीच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त दोर लागतो. ५ मिमीचा घ्या. पुल्यांसाठी भोकं पाडायची गरज बहुतेकदा पडत नाही. उचलायच्या मुठी दोन्ही टोकांना असतात, तिथेच छोट्या दोरीने किंवा बंजी कॉर्डने (ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीने) पुली बांधा. बंजी वापरल्याने वेढा आपोआप ताणलेला राहतो आणि झटकेही पचतात. आसनाच्या हाताशी वेढा अडकवायला एक नागमोडी क्लीट हवी, नाहीतर कडी टोकावर थांबत नाही, ओढीने मधे परत येते, आणि मग प्रश्न ७ मधली गोष्ट घडते.

भोक पाडावंच लागलं तर पाण्याच्या रेषेच्या बरंच वर पाडा, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा रिव्हेट वापरा आणि आधी भोकात मरीन सीलंट भरा. आतून हात पोहोचत असेल तर मोठी वॉशर आणि नट लावा.

पुली जितकी टोकाच्या जवळ तितकं चांगलं. टोकापासून अर्धा मीटर अलीकडे बसवलेल्या ट्रॉलीवर कयाक जरा तिरकी उभी राहते आणि डुलत बसते.

९. पुढून नांगर टाकू की मागून?

लाटा असतील तर पुढून. पुढचं टोक उंच असतं, ते लाटेवर चढतं. मागे तुमचं वजन, सामानाचा क्रेट, कधी बॅटरी. ते टोक आधीच खाली असतं आणि लाट थेट अंगावर येते.

शांत पाण्यात मागून टाकण्याची पद्धत जास्त आहे आणि तिला कारण आहे. तोंड वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या दिशेला राहतं, गळ समोर टाकता येतो आणि नांगराचा दोर पाठीमागे, तंगूसपासून दूर राहतो. फक्त मधूनमधून मागे वळून बघा. येणारी लाट, वाहत येणारं लाकूड, बोट, हे सगळं तुमच्या पाठीमागून येत असतं.

१०. चटकन सोडायची व्यवस्था कशी करतात?

दोर कडीतून आसनाजवळ येतो आणि क्लीटमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. गाठ नाही. झटका दिला की तो सुटतो, कडीतून सरकत बाहेर जातो आणि फ्लोटला, म्हणजे तरंगत्या गोळ्याला, टांगलेला पाण्यावर राहतो. तुम्ही मोकळे. नंतर सावकाश येऊन फ्लोट उचला.

यात दोन चुका फार दिसतात. पहिली, फ्लोट दोराच्या आसनाकडच्या टोकाला बांधलेला असतो. सुटताना तो कडीशी येऊन अडकतो आणि कयाक पुन्हा बांधलेली ती बांधलेलीच. फ्लोट कडीच्या पलीकडे, नांगराच्या बाजूला हवा: दोर सोडून झाला की त्याला फास मारून फ्लोट क्लिपने अडकवा आणि मग कडी टोकाकडे पाठवा. आसनाकडचं टोक बिनगाठीचं. दुसरी, शिल्लक दोर ज्या पिशवीत असतो तिच्या तळाशी टोक पक्कं बांधलेलं असतं, ‘हरवू नये म्हणून’. ते सोडा. हरवू नये म्हणून फ्लोट आहे.

फ्लोट भडक रंगाचा आणि साखळीसकट नांगराला सहज तोलेल एवढा असावा. घराजवळच्या उथळ पाण्यात दोर सोबतीच्या माणसासमोर सोडून बघितल्याशिवाय ही व्यवस्था खोल पाण्यात नेऊ नका.

आणि सुरी. लाइफ जॅकेटच्या छातीवर, दोन्ही हातांना पोहोचेल अशी, बोथट टोकाची आणि दातेरी पात्याची. सामानाच्या डब्यातली सुरी हिशोबात धरायची नाही. कयाक उलटल्यावर डबा कुठे असेल सांगता येत नाही.

११. नांगर टाकायचा योग्य क्रम काय? आणि तो सरकतोय हे कसं कळतं?

आधी दोन मिनिटं काहीच करू नका. कयाक कुठल्या दिशेला वाहते ते बघा. मग मासेमारीच्या जागेच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा किंवा प्रवाह जिकडून येतो तिकडे, जेवढा दोर सोडणार तेवढं पुढे वल्हवत जा. नांगर फेकायचा नाही, हळूच खाली सोडायचा. तळ लागला की वाहत मागे या, दोर हाताने सोडत राहा. पाय दोराच्या वेटोळ्यात नाहीत ना, हे या वेळी बघा. कयाकच्या तळाशी पसरलेला मोकळा दोर हा नांगराइतकाच धोक्याचा. तो पिशवीत किंवा रिळावर असावा. पुरेसा दोर गेला की क्लीटमध्ये दाबा, फ्लोट लावा, कडी टोकाकडे न्या. कडी टोकाला पोहोचेपर्यंत गळाला हात लावू नका.

सरकतोय का हे बोटांना कळतं. ताणलेल्या दोरावर दोन बोटं ठेवा. रुतलेल्या नांगराचा दोर गप्प असतो, फार तर लाटेबरोबर ताण वाढतो-उतरतो. घसरणाऱ्या नांगराची खरखर दोरातून वर येते, थांबते, परत येते. दुसरी खूण किनाऱ्यावर शोधा: एकामागे एक येणाऱ्या दोन वस्तू, समजा झाड आणि त्यामागचा खांब, एका रेषेत धरा. रेष मोडत चालली की तुम्ही हलताय. सरकत असेल तर आधी दोर वाढवा.

१२. नांगर खडकात अडकला. आता?

जोरात ओढू नका, आणि बाजूवरून तर मुळीच नाही. दोर टोकालाच ठेवून नांगराच्या वर आणि पलीकडे वल्हवत जा, म्हणजे ज्या दिशेने तो रुतला त्याच्या उलट दिशेने ओढ लागेल. बहुतेक वेळा एवढ्यात निघतो. नाहीच निघाला तर फ्लोट लावून सोडून द्या किंवा दोर शक्य तितका खालून कापा. दोर-नांगर पुन्हा विकत घेता येतात.

पुढच्या वेळेसाठी घरूनच तयारी करता येते. बऱ्याच ग्रॅपनेलच्या बुडाशी, पाती जिथे जुळतात तिथे, एक भोक किंवा कडी असते. साखळी वरच्या कडीऐवजी या बुडाच्या कडीला शॅकलने जोडा. मग ती दांड्याला लागून वर आणा आणि वरच्या कडीला एका झिप टायने बांधा. रोजच्या ओढीला नांगर नेहमीसारखाच वागतो. अडकला की तुम्ही ओढता, टाय तुटतो, ओढ बुडावर जाते आणि पाती उलटी, आली तशी बाहेर पडतात.

खुबी टाय निवडण्यात आहे. २.५ मिमी रुंदीचा साधा टाय ८ किलोच्या आसपास तुटतो, ३.६ मिमीचा १८ किलोच्या आसपास. बारकाने सुरुवात करा. लाटेच्या झटक्यानेच तुटत असेल तर जाड घ्या. मासे तोलायचा ताणकाटा असेल तर जमिनीवरच ओढून बघा. उन्हाने टाय ठिसूळ होतात, म्हणून अधूनमधून बदला, आणि चार-पाच जादा जवळ ठेवा.

१३. वाहत्या नदीत नांगर टाकावा का?

संथ नदीत, काठाजवळच्या मंद पाण्यात, हो. जोराच्या प्रवाहात नाही. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, तिप्पट झाला की नऊपट. सोपी कसोटी म्हणजे, जागेवर टिकायला जीव खाऊन वल्हवावं लागत असेल तिथे नांगर टाकायचा नाही. वाहून येणारी फांदी ताणलेल्या दोरावर अडकली तर सगळा भार कयाकच्या टोकावर येतो आणि ते पाण्याखाली जातं. वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

१४. खाडीत सकाळी नांगर छान धरला होता, दुपारी सरकला. असं का?

भरतीने. ३ मीटर पाण्यात तुम्ही १५ मीटर दोर सोडला, म्हणजे ५ पट. पाणी ३ मीटर चढलं की खोली ६ मीटर आणि दोर अडीच पटच उरतो. म्हणून भरती चढत असेल तर दोर भरतीच्या खोलीच्या हिशोबाने सोडा.

ओढ सगळा वेळ सारखीही नसते. साधारण सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी हलतं. उधाणाला (मोठ्या भरतीला) हे आणखी जाणवतं, भांगाला (छोट्या भरतीला) कमी. पाणी पालटताना कयाक नांगराभोवती फिरून उलट दिशेला जाते, तेव्हा पाती निसटू शकतात. त्या वेळी गळ बाजूला ठेवून दोराकडे लक्ष द्या. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर कयाक दोरावर चढून येते, आडवी होते. अशा वेळी नांगर उचललेला बरा.

१५. पाणी फार खोल असेल तर?

तळ सोडा, ड्रोग वापरा. हा कापडी छत्रीसारखा पाण्यात फुगतो आणि कयाकचं वाहणं मंदावतो. कयाकला ४५ ते ६० सेंटिमीटर तोंडाचा पुरतो. तोही ट्रॉलीवरूनच, टोकाला. त्याच्या निमुळत्या टोकाला दुसरी बारीक दोरी बांधा. ती ओढली की पाणी सांडून तो सहज वर येतो. प्रवाहात मात्र ड्रोग तुम्हाला प्रवाहाबरोबरच नेतो, कारण तो वाऱ्याविरुद्धचा ब्रेक आहे.

१६. उथळ पाण्यात काठी रोवली तर? कयाकच्या तळाच्या भोकातून?

दोनेक मीटरपर्यंतच्या मऊ तळात काठी नांगरापेक्षा सोयीची आणि आवाज न करणारी. पण पाणी निचरायच्या भोकातून ती रोवू नका. कयाक डुलली की काठी त्या भोकाच्या कडांना पहारीसारखी फाकवते आणि प्लास्टिकला तडा जातो. शिवाय ताण आल्यावर ती पटकन निघत नाही. काठीला छोटी दोरी लावा आणि ती ट्रॉलीच्या कडीला जोडा.

१७. रात्री किंवा बोटींच्या वाटेजवळ नांगरलं तर नियम काय?

समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरुंद जलमार्गात शक्यतो नांगर टाकायचा नाही. नांगरलेल्या नौकेने रात्री चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो. ७ मीटरपेक्षा लहान नौका अरुंद जलमार्ग, बोटींची नेहमीची वाट किंवा बोटी नांगरायची जागा यांत किंवा यांच्याजवळ नसेल, तर तिला या दिव्यातून सूट आहे. सूट असली तरी दिवा लावा, आणि डोक्याच्या वर, काठीवर लावा. पाठीआड झाकलेला दिवा कुणाला दिसत नाही. मार्गदर्शक बोयांना कयाक बांधू नका. प्रवाळ, समुद्री गवत आणि पाण्याखालच्या केबलींवरही नांगर नको. स्थानिक नियम वेगळे असू शकतात, ते आधी बघा.

१८. मोठा मासा लागला आणि तो नांगराच्या दोराकडे पळतोय. काय करू?

दोर सोडा (प्रश्न १०). फ्लोट तिथेच राहील, कयाक माशामागे जाईल, आणि तसंही कयाकला ओढून मासा लवकर दमतो. दोर न सोडता टोकापलीकडे झुकून तंगूस सोडवायला जाणं, ही पाण्यात पडण्याची हमखास रीत.

१९. नांगरलेली असताना मी पाण्यात पडलो तर?

कयाक जागेवर राहते आणि प्रवाह तुम्हाला घेऊन जातो, हा यातला सगळ्यात वाईट भाग. प्रवाहाविरुद्ध पोहत परत येणं जमेल असं धरू नका. म्हणून पडतानाच कयाक धरा. वल्ह्याला कयाकशी जोडणारी दोरी असेल तर तेही हाताशी राहील. दोर ज्या टोकाला आहे त्याच्या उलट टोकाकडे सरका, कारण दोराच्या बाजूला प्रवाह तुम्हाला दोरावरच दाबेल. ओढ असेल तर आधी नांगर सोडा, मग कयाक तुमच्याबरोबर वाहू लागते आणि चढणं सोपं होतं. क्लीट हाताला येत नसेल तर छातीवरच्या सुरीने दोर कापा.

२०. आम्ही दोघं आहोत. एकाच नांगरावर दोन कयाक बांधू का?

शांत तळ्यात, जेवायला थांबलात तर ठीक. एरवी नाही. ओढ जवळजवळ दुप्पट होते, दोन्ही कयाक एकमेकींवर आपटतात, आणि सोडायची वेळ आली की कोणी काय सोडायचं यावर बोलत बसावं लागतं. दोघांनी आपापला नांगर टाका, आणि दोर फिरल्यावरही एकमेकांवर येणार नाहीत एवढं अंतर ठेवा.

२१. समुद्रावरून आल्यावर काही करायचं का?

सगळं गोड्या पाण्याने धुवा. कॅराबिनरची (स्प्रिंगने मिटणाऱ्या कडीची) स्प्रिंग आणि पुलीची चाकं आधी, कारण मीठ तिथेच साचतं आणि अडकलेला कॅराबिनर ऐन वेळी उघडत नाही. दोर सावलीत वाळवा आणि वाळवताना हातातून सरकवत न्या. घासून केसाळ झालेला तुकडा डोळ्यांच्या आधी बोटांना सापडतो. तो कापून टाका.